मीराचं उत्तर येईपर्यंत

“मीरा गोळ्या चुकवतेय,” बॉसनी माझ्या टेबलावर रिपोर्ट ठेवत जाहीर केलं. “तेरा वर्षांची आहे. या वयात सगळेच चुकवतात.”

बॉस म्हणजे शिकागोतल्या आमच्या क्लिनिकचे प्रमुख, संसर्गरोगांचे डॉक्टर. मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचं कामकाज कोडी घालून तपासणारी. मी सुया टोचत नाही, नुसते प्रश्न विचारून छळते.

मीराला (नाव बदललंय) जन्मतःच आईकडून एचआयव्ही आला. हा विषाणू वाढत्या मेंदूतही शिरतो. वेळेवर औषधं मिळाली तर मुलं चांगली वाढतात. मीराची उशिरा सुरू झाली. आई गेल्यावर मावशींनी तिला दत्तक घेऊन इकडे आणलं. तिची हुशारी शाबूत आहे, पण ‘प्रोसेसिंग स्पीड’ कमी. डब्यात सगळं असतं, झाकण उघडायला वेळ लागतो.

आता तिच्या रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, म्हणजे ‘व्हायरल लोड’, वाढत होतं. तो पुन्हा मेंदूवर उठला तर आहे तेही जाण्याची भीती होती. गोळ्या चुकल्याने विषाणू औषधाला दाद देईनासा झाला असणार, म्हणून बॉसना औषध बदलायचं होतं. मला आधी मीराशी बोलायचं होतं.

“मीरा, सकाळी उठल्यापासून काय काय करतेस?”

“अहो, गोळी रोज घेते ती!” मावशी म्हणाल्या. “मी स्वतः देते, समोर उभी राहून.”

“मावशी, मी मीराला विचारलं.”

“हो हो, तिलाच विचारा. सांग ना गं. उठते, दात घासते...”

मावशींना गप्प बसवणं ही त्या दिवसातली सगळ्यात अवघड प्रोसिजर. शेवटी माझ्या थर्मासमधला चहा त्यांच्या हाती दिला. तोंडाला काम मिळालं.

मग मी थांबले. मी पुण्याची; समोरच्याचं बोलणं होईपर्यंत थांबायचं वळण आम्हाला नाही. फार जड गेलं.

“फर्स्ट आय गेट अप,” मीरा म्हणाली. बराच वेळ गेला. “देन मावशी गिव्ह्ज मी माय पिल. ॲण्ड द ब्रेन वन. टुगेदर. बिफोर ब्रेकफास्ट.”

“ब्रेन वन?”

मावशींनी चहा बाजूला ठेवला. “ते औषध नाही हो, टॉनिकच्या गोळ्या आहेत! डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणल्या. लोह, कॅल्शियम, स्मरणशक्तीसाठी. अनशापोटी चांगलं लागू पडतं, म्हणून दोन्ही एकदमच देते.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी औषधांबद्दल विचारलं. टॉनिकचं कुठे विचारलं?”

मला हसू आलं आणि धस्सही झालं. मीराची गोळी रिकाम्या पोटी लोह-कॅल्शियमबरोबर घेतली की त्यांनाच चिकटून बसते, रक्तात पुरेशी उतरत नाही. मेंदू तल्लख व्हावा म्हणून दिलेलं टॉनिक मेंदूच्या राखणदारालाच दारात अडवत होतं.

“म्हणजे मीच हिचं वाईट केलं?” मावशींचे डोळे भरले. मला त्यांचा राग आला नाही, मायाच वाटली. जीव लावणाऱ्याच्याच हातून असले उद्योग होतात.

टॉनिक बंद झालं. मूळ औषध निकामी झालेलं नव्हतं, ते बदलावं लागलं नाही. पुढच्या तपासण्यांत विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला.

“सॉरी, मीरा,” बॉस तिला म्हणाले. “तू गोळ्या चुकवत नव्हतीस.”

मीरा अजून उत्तर जुळवत होती. बॉसनी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तसा मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय दिला. नोकरीत अशी संधी क्वचितच मिळते.

“इट्स ओके,” ती अखेर म्हणाली. “बट यू नेव्हर आस्क्ड मी.”

तेव्हापासून आमच्याकडे औषधांबरोबर टॉनिकंही विचारतात. आधी मुलाला, मग मावशीला.