बदलीला कोण बसलं होतं?

क्रिकेट अकरा विरुद्ध अकरा खेळतात, असं सगळे धरून चालतात. आमच्या समोरच्या काकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते आपल्या बाजूने निदान वीस-पंचवीस जण खेळायचे आणि मैदानावरचे अकरा सोडले तर बाकीचे सगळे लालबागमध्ये, आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, आमच्याच खोलीत बसलेले असायचे. मैदानावरच्यांवर काकांचा ताबा नव्हता, त्यामुळे तो भाग ते सोडून द्यायचे. पण खोलीतल्यांनी आपापल्या जागेवर हालचाल न करता बसावं, एवढं जरी झालं असतं तरी आपण आजवर एकही सामना हरलो नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे ते इतक्या शांतपणे सांगायचे की ऐकणारा मुकाट्याने आपण कुठे बसलो होतो ते आठवायला लागायचा.

काका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर होते. होते म्हणायचं की आहेत, हा त्या काळात नाजूक प्रश्न होता. संप सुरू झाला तेव्हा मी अगदी लहान होते. तो संपला केव्हा, हे मोठी झाल्यावरही मला कुणी नीट सांगू शकलं नाही. कुणी परत कामावर गेले, कुणी गावाला गेले, आणि काका आमच्या उंबरठ्यावर येऊन बसले. उंबरठाच का, तर एकदा ते काकूंनी उसनी नेलेली वाटीभर साखर परत द्यायला आले असताना नेमका आपल्या माणसाने षटकार मारला. तेव्हापासून मॅच असली की काका उंबरठ्यावर, हातात रिकामी वाटी. साखर नव्हती, पण वाटी लागायची.

आमच्या चाळीत मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. काकांचं दार आमच्या दारासमोर होतं आणि टीव्ही आमच्याकडे होता. त्यामुळे खोली आमची असली तरी मॅचच्या दिवशी तिचा कारभार काकांकडे जायचा. जॉबर कामगारांना साचे वाटून देतो तसे ते जागा वाटून द्यायचे. बाबा पलंगाच्या कडेला, एक पाय खाली, एक वर. आईने एकदा आमटीला फोडणी दिली आणि त्याच क्षणी समोरच्या संघाचा भरवशाचा फलंदाज बाद झाला, तेव्हापासून सामना अडकला की आतून फोडणीचा आवाज यावा लागे. काही रविवारी आमच्या आमटीत डाळीपेक्षा मोहरी जास्त असायची. पण सर्वांत वाईट अवस्था होती वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची. ते एकदा आंघोळीला निघालेले, टॉवेल गुंडाळून, स्कोअर विचारायला दारात डोकावले आणि समोरच्यांची विकेट पडली. "मास्तर, हलू नका," काका म्हणाले. मास्तर डाव संपेपर्यंत टॉवेलवर उभे. त्यानंतर प्रत्येक मॅचला काकांनी त्यांना त्याच टॉवेलमध्ये यायला लावलं. मास्तर शाळेत फार कडक होते म्हणे. मी त्यांच्या शाळेत नव्हते, त्यामुळे मला ते कधी कपड्यांत आठवतच नाहीत.

आता माणूस म्हटला की त्याला कधीतरी उठावं लागतं, आणि आमचे संडास पॅसेजच्या टोकाला. त्यासाठी काकांनी गिरणीतली बदलीची पद्धत आमच्या खोलीत आणली होती. गिरणीत कायम कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राहतो. साचा रिकामा सोडायचा नाही. तसंच इथे. कुणाला जायचं असलं तर त्याने काकांकडे बघायचं, काका मान हलवायचे, आणि मग त्या माणसाच्या जागी, त्याच्यासारखंच, एक पाय खाली आणि एक वर करून, बदली बसायचा. बदली म्हणून मला फार मागणी होती, कारण मी बारीक होते आणि बोलत नसे. बाबा, आई, आलेले पाहुणे, सगळ्यांच्या जागी मी बसले आहे. फक्त मास्तरांच्या जागी बसायला मी नकार दिला आणि तो काकांनी समजून घेतला.

माझं दुसरं काम भाषांतराचं. मी इंग्रजी शाळेत जायचे म्हणून काका मला मॅडम म्हणायचे. टीव्हीवर समालोचन हिंदीतून इंग्रजीवर गेलं की त्यांची वाटी माझ्याकडे वळायची. "मॅडम, काय म्हणतो तो?" मला चारचौघांत बोलायचं म्हणजे घाम फुटायचा. त्यामुळे समालोचक कितीही बोलला तरी मी दोनच वाक्यांत भागवायचे, "चांगला मारला" किंवा "चांगला नाही मारला."

"एवढा वेळ बोलला तो. आणि एवढंच?"

"हो."

"मग इंग्लिश वाईट नाय हो भाषा," काका एकदा बाबांना म्हणाले, "पण फुगवून सांगतात फार."

हरल्यावर काका सुतक पाळायचे. त्याचा हिशेब आमच्या सगळ्यांना पाठ होता. मोठ्या फरकाने हरलं तर तो दूरचा नातेवाईक. डोक्यावरून पाणी घ्यायचं, मोकळं व्हायचं, संध्याकाळी भजीसुद्धा चालायची. पण थोडक्यात हरलं, की ते घरातलं माणूस गेल्यासारखं. टीव्हीवर काकूंचं जुनं पातळ पडायचं, दाढी बंद, आणि दोन्ही घरांत मासळी शिजायची नाही. आम्हालाही ते का पाळावं लागे हे मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "टीव्ही आपला आहे ना." याचा सगळ्यात जास्त राग यायचा तो माझगावहून येणाऱ्या कोळणीला. ती जिन्यातूनच ओरडायची, "काल जिंकले का हरले?" उत्तर ऐकल्याशिवाय टोपली उतरवत नसे. "हरायचं तर धड हरा ना मेल्यांनो! थोडक्यात हरून माझा बाजार कशाला बुडवता?" एवढा तळमळीचा क्रिकेटविचार मी नंतर कुठल्याही वर्तमानपत्रात वाचला नाही.

काकूंना क्रिकेटचं काही नव्हतं. त्या सकाळपासून लोकांचे डबे करायच्या आणि घर त्यावर चालायचं. त्यांचा भाऊ परळच्या एका हॉस्पिटलात कामाला होता आणि त्याने काकांसाठी शिपायाच्या जागेचा शब्द टाकून ठेवला होता. काका म्हणायचे, गिरणी उघडणार, आणि उघडली की साचेखात्यात जॉबर नको का? शिपायाची नोकरी धरली म्हणजे गिरणी सोडली, असं ते सरळ गणित होतं, म्हणून ते ती धरत नव्हते. एका शनिवारी दोन्ही दारं उघडी होती आणि आमच्याकडे सगळं ऐकू आलं.

"माझो भाव सोमवारपर्यंत थांबतलो. मगे जागा गेली समजा."

"उघडणार गो गिरणी."

"कोण सांगता? तुमचो कप्तान?"

मग काका म्हणाले, "उद्याची मॅच बघू. जिंकलो तर मी थांबणार, तू काय बोलायचं नाय. हरलो तर सोमवारी तुझ्या भावाकडे जातो."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर वर घेतला. रविवारी सकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं होतं की आजच्या मॅचवर काकांची गिरणी लागली आहे.

एवढ्या शिस्तीत बसलेली माणसं मी नंतर परीक्षेच्या हॉलमध्येच पाहिली. मास्तर न सांगता टॉवेलवर आले. काकू मॅचच्या वेळी पहिल्यांदाच आमच्या खोलीत आल्या आणि भिंतीला टेकून मेथी निवडत बसल्या. त्यांना जागा द्यायची काकांची हिंमत झाली नाही. आपल्या लोकांनी पाठलाग करताना नेहमीप्रमाणे सोपं होतं ते अवघड करून ठेवलं. आईने पुन्हा पुन्हा फोडणी दिली, खोलीभर धूर झाला, सगळे खोकत होते पण कुणी हललं नाही. शेवटच्या षटकात शेवटची जोडी मैदानात होती आणि चार-सहा धावा हव्या होत्या. मग एक चेंडू उंच उडाला. खाली क्षेत्ररक्षक उभा होता. त्याने तो आरामात, उगाच अपमान केल्यासारखा, धरला. तीन धावा कमी पडल्या.

कुणी टीव्ही बंद केला नाही. बक्षीस समारंभ सुरू झाला आणि तो इंग्रजीत होता, पण मला कुणी अर्थ विचारला नाही. काका खोलीच्या मध्यभागी आले, वाटी टीव्हीवर ठेवली आणि म्हणाले, "चौकशी होईल."

गिरणीत कामगाराकडून काही चूक झाली की चौकशी बसते. आमच्याकडे थोडक्यात हरल्यावर बसायची. पण त्या दिवशी काकांचा आवाज वेगळा होता. कुणी उठलेलं सापडलं की सामना धरायचा नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसत होतं. मग सोमवारही धरायचा नव्हता.

"मास्तर?"

"मी श्वाससुद्धा जपून घेतला हो. टॉवेल सुटत होता, तरी."

"वहिनी?"

"मोहरी संपली, तरी जिरं टाकलं," आई आतून म्हणाली.

बाबांनी स्वतःहून पाय दाखवले. एक खाली, एक वर, दोन्हींना मुंग्या. राहिले मी. काका माझ्यासमोर उकिडवे बसले. "मॅडम, तू बोलत नाहीस म्हणजे तू बघतेस. खरं सांग, कोण उठलं होतं?"

मी बघितलं होतं. शेवटचं षटक सुरू झालं तेव्हा उंबरठा रिकामा होता. काकांना ते बघवलं नव्हतं. ते पॅसेजच्या टोकाला, जाळीपाशी जाऊन उभे राहिले होते; दाराजवळच्या माझ्या जागेवरून मला दिसत होते. तिथून त्यांच्या गिरणीची चिमणी दिसायची. तिच्यातून धूर येणं कधीच बंद झालं होतं. ते पाठमोरे होते, हातात वाटी, आणि आमच्या खोलीतून सगळ्यांचा एकदम आवाज उठला तेव्हाच वळले. रिकामा उंबरठा खोलीतल्या प्रत्येकाने पाहिला होता, हे त्यांच्या खाली घातलेल्या माना सांगत होत्या. कुणी बोलणार नव्हतं.

"तुम्ही, काका," मी म्हणाले.

भिंतीपाशी मेथी निवडणं थांबलं.

"बदलीला कोण बसलं होतं?" काकूंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कोण नाय," काका म्हणाले. मग, चौकशीत कामगार उभा राहतो तसे सरळ उभे राहून, "साचा सोडून गेलो. बदली न ठेवता. कबूल."

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "चला, जेवा आता," त्या म्हणाल्या, आणि टीव्हीवर स्वतःच्या हाताने जुनं पातळ घातलं.

सोमवारी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर पडले. सुतकात दाढी करायची नसते, म्हणून मुलाखतीला खुंट वाढवून गेले. कोळीण जिन्यात भेटली, त्यांच्या गालाकडे बघून काही न विचारताच परत खाली उतरली. नोकरी लागली. पुढे एकदा बाबांनी त्यांना गमतीने विचारलं, "काय हो, तीन धावांचं सुतक पाळता, संपाचं कसं नाही पाळलंत?" काका वाटी पुसत होते. म्हणाले, "कितीने हरलो ते कुणी सांगितलंच नाय. किती पाळायचं?"

हॉस्पिटलात मात्र काका रमले. बाकांवर कुणी कुठे बसायचं ते सांगण्याचं काम, तेही पगारी! पेशंट उठला की त्याच्या जागी नातेवाईक बसवायचे, आणि डॉक्टरांपेक्षा काकांना लोक जास्त घाबरायचे असं काकू सांगायच्या. आम्ही दादरला राहायला गेलो, टीव्ही रंगीत झाला आणि बाबा दोन्ही पाय वर घेऊन मॅच बघायला लागले.

मग बाबांचं ऑपरेशन परळला त्याच हॉस्पिटलात करायचं ठरलं. आई घाबरून घरीच देवापाशी बसली होती आणि मी एकटीच आले होते. थिएटरबाहेरच्या पॅसेजमध्ये खाकी कपड्यातले काका आले. केस पांढरे झाले होते. "मॅडम," ते म्हणाले, आणि दाराच्या बरोबर समोरची खुर्ची दाखवली. "इथे. पाय असे. हलू नकोस."

मी नोकरी करत होते, हिशेब तपासायचे, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी तशीच बसले. दारावरचा लाल दिवा चालू होता आणि मी पाय हलवला नाही. घसा कोरडा पडला तरी उठले नाही. काका दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझ्याकडे वाकून म्हणाले, "सकाळपासून काय घेतलं नाहीस. जा, चहा पिऊन ये. मी बदलीला बसतो."

मी चहा भराभर प्यायले, जीभ भाजली. परत आले तर काका माझ्या खुर्चीत, माझ्यासारखेच पाय जुळवून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडून नर्स ओरडत होती, "अहो मामा, इकडे नंबर कोण लावणार?" काकांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. लाल दिवा विझला. दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचं कापड खाली करून म्हणाले, "सगळं ठीक आहे." पॅसेजमधले दोन-तीन जण उगाच उठून उभे राहिले. काका उठले नाहीत. त्यांनी माझा हात धरून मला जवळ ओढलं.

"तू बस आधी," ते म्हणाले. "मग मी उठतो."