पगारात धरलेली झोप

मामीचा फोन आला तेव्हा दुपार होती. "तुये मामा उठूनच नाई राह्यले वं माय..." एवढंच ती बोलली. शिरपूर जैनला पोचेपर्यंत बसमध्ये माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की मामाचा जीव रस्त्यावर गेला नाही. घरी गेला, तो जेवून खाटेवर आडवा झाला असताना. ट्रक चालवणाऱ्याच्या घरातली माणसं वर्षानुवर्षं एका वेगळ्याच फोनची धास्ती घेऊन जगतात. तो फोन आला नाही, यात समाधान माना, असं जमलेले नातेवाईक सांगत होते. मला ते जमलं नाही. साठीही न गाठलेल्या, कुठलंच व्यसन नसलेल्या माणसाचं हृदय झोपेत का थांबतं, हा प्रश्न मयतीच्या घरी विचारायचा नसतो. म्हणून इथे विचारते आहे.

देवानंद मामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, माझ्या जन्माआधीपासून ट्रक चालवत होता. हळद, तूरडाळ, सोयाबीनची पेंड घेऊन कधी सुरत, कधी चेन्नई. वडिलांनी आणलेली कामगार संघटनेची पत्रकं वाचत मी मोठी झाले, त्यामुळे मामा घरी आला की आमचं भांडण ठरलेलं. विषय एकच, ड्रायव्हरला पैसे कसे मिळावेत. कुठे महिन्याचा पगार आणि वर भत्ता देतात, कुठे किलोमीटरवर देतात. आमच्याकडे चालतो तो ठेका. मालक एका फेरीची ठोक रक्कम हातावर ठेवतो. डिझेल, टोल, जेवण, रस्त्यातली सगळी देणीघेणी त्यातूनच, उरेल ते ड्रायव्हरचं. मामाला या ठेक्याचा अभिमान होता.

"पगारी ड्रायव्हर म्हन्जे दावनीचा बैल," तो म्हणायचा. "ठेक्यात मी राजा असतो, राजा."

"राजा झोपतो कधी?"

"राजाले झोप कायची वं? राज्य कोन पाह्यन मंग?"

सगळे हसायचे, मामीसुद्धा. पण ठेक्यात उरतं ते कुठून उरतं? आधी क्लीनर कमी झाला. मग जोडीचा ड्रायव्हर गेला. त्यानंतर कमी करण्यासारखी एकच गोष्ट शिल्लक राहिली, आणि ती प्रत्येक फेरीत थोडी थोडी कमी करता येत होती. त्यातच मालकाच्या मोबाइलवर प्रत्येक गाडी ठिपक्यासारखी दिसू लागली. ठिपका थांबला की फोन.

गेल्या दिवाळीनंतर मला जळगावला जायचं होतं. मामा केनवडहून हळद भरून सुरतेला निघाला होता, मी त्याच्यासोबत गेले. खामगाव मागे पडलं, ऊन चढलं. मामा हिरव्या मिरच्या चावत होता. "रातीले मानूस डरते," तो म्हणाला, "दुपारी डरत नाई. म्हनून दुपार वाईट." मग तो बोलायचा थांबला. मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर डोळे उघडे होते, समोरच होते... आणि गाडी हळूहळू डावीकडे सरकत होती. पुढे रस्त्याच्या कडेने कापूस वेचणाऱ्या बायांनी भरलेला ऑटो चालला होता. मागच्या बाजूला बसलेल्या एका बाईचं तोंड आमच्याकडे होतं. तिने हात वर केला. मी ओरडले, मामाचं मनगट धरून स्टिअरिंग उजवीकडे ढकललं. गाडी त्या ऑटोला घासता घासता निघून गेली.

मामाने ती कडेला उभी केली. त्याचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. तेवढ्यात फोन वाजला. "देवानंद, गाडी काहून थांबली?"

"पंक्चर हाय, मालक."

त्याने फोन ठेवला. मग म्हणाला, "झोपलो होतो का वं मी?"

"हो."

"डोये तं उघडेच होते..."

परत आल्यावर त्याने मालकाकडे महिन्याचा पगार मागितला, आणि दुपारचा थांबा त्या पगारातच धरावा, त्या वेळात फोन येऊ नये, असंही सांगितलं. मालक म्हणाला, एकट्याला देता येणार नाही, घेतील तर सगळे घेतील. आणि बाकीच्यांना ते नको होतं. मामाचा जुना जोडीदार रफिकभाई सगळ्यांत जास्त चिडला. "माह्या पोरीचं लगन तोंडावर हाय देवा, अन् तू हातातले दोन पैसे कमी करून राह्यला?"

"पैसे नाई उरत, रफिकभाई. झोप इकून राह्यलो आपन."

"तं इकू दे ना! माही हाय."

"तुहीच नाई. त्या ऑटोतल्या बाईचीबी हाय."

आता इथे या लोकांची एक रीत सांगायला हवी. गाडीची चावी हातातून हातात जाते. उतरणारा ड्रायव्हर ती चढणाऱ्याच्या तळहातावर ठेवतो आणि गाडीची खोड सांगतो. ब्रेक कुठे ओढतो, कुठला टायर थकला आहे. टेबलावर पडलेली चावी कोणी उचलत नाही. अपशकुन मानतात. मला ही अंधश्रद्धा वाटायची, पण खोड न सांगता सोडलेली गाडी खरंच जीव घेऊ शकते.

एका सकाळी हळदीची गाडी भरून उभी असताना मामाने मालकाच्या टेबलावर चावी ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मी मामासोबत आले होते, दारात उभी होते. मालक हसला. "रफिक, उचल. सुरतेचा माल हाय, डबल देतो."

रफिकभाई टेबलापाशी गेला. त्याला पैशांची किती गरज होती हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मामाला सर्वांत जास्त. तो चावीकडे पाहत राहिला, मग मामाकडे. मामाने हात सोडले नाहीत.

"देवानंदच्या हातून द्या मालक," रफिकभाई शेवटी म्हणाला. "अशी नाई उचलत आमी."

मालकाने बाहेरून ड्रायव्हर बोलावला. त्याने आल्या आल्या विचारलं, "उतरलेला ड्रायव्हर कुठं हाय?" सगळं ऐकून तो आल्या वाटेने परत गेला. सुरतेहून फोनवर फोन येत होते. गाडी तशीच उभी होती. संध्याकाळी मालक म्हणाला, "घ्या पगार सगळेच. घ्या झोपा."

मामाच्या हाती पूर्वीपेक्षा कमी येऊ लागलं, बाकीच्यांच्याही. हे मी लपवणार नाही, मामीही लपवत नाही. पण तो झोपू लागला. मात्र आधीच्या इतक्या वर्षांची झोप त्याला कोण परत देणार होतं? मला डॉक्टरकी कळत नाही. एवढं कळतं की ज्या व्यवस्थेत माणूस जागा राहील तेवढंच कमावतो, ती व्यवस्था त्याला मजुरी देत नाही, त्याचं आयुष्य हप्त्याहप्त्याने काढून घेते. आणि त्याला राजा म्हणते.

मामाची तेरवी झाली नाही तोच मालकाने निरोप धाडला, पुढल्या महिन्यापासून पुन्हा ठेका. देवानंदची गोष्ट देवानंदसोबत गेली, म्हणाला.

परवा, ठेका पुन्हा सुरू झाल्यावर, मी कामरगावला बसची वाट पाहत होते. ऊन रणरणत होतं. लिंबाखाली ओळखीचा ट्रक दिसला, चाकांना दगड लावलेले. मामा दुपारी थांबला की स्टिअरिंगवर ओला दुपट्टा पसरून टाकायचा, उठल्यावर हाताला चटका बसू नये म्हणून. या ट्रकच्या स्टिअरिंगवरही ओला दुपट्टा होता. आत रफिकभाई पाय खिडकीबाहेर काढून झोपला होता. उशाचा फोन वाजला, त्याने न पाहताच चाचपडून घेतला. मालकाचा आवाज खाली रस्त्यापर्यंत ऐकू आला, "गाडी काहून थांबली?"

रफिकभाईने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"झोपलो हाय मालक," तो म्हणाला, आणि कूस बदलली.