उरायासुतलं ताबोर

"वृंदा, शनिवारी विमानात बसायच्या आधी ही पळी बॅगेत टाक. ताबोरच्या चौकात पिंप दिसलं तर त्यात सोड, नाही दिसलं तर चौकात कुठंही ठेव आणि ये. विसरलीस तर तोंड दाखवू नकोस. मंजुषाताई."

चिठ्ठी पळीला रबरबँडनं बांधली होती. वृंदा खुदकन हसली. शेजारच्या ताईंचं हे असंच.

ताबोर म्हणजे चेक देशातलं, बायबलमधल्या डोंगराचं नाव घेतलेलं गाव. वृंदा पुण्यात इतिहास शिकवायची तेव्हापासून ते तिच्या डोक्यात ठाण मांडून होतं. सहाशे वर्षांपूर्वी चर्चशी भांडून तिथं आलेली माणसं आपली चीजवस्तू चौकातल्या पिंपांत टाकत, आणि ती मग सगळ्यांची. नवऱ्याच्या कंपनीनं जपानमधल्या उरायासुला धाडलं, तिची नोकरी सुटली. ताबोर सुटलं नाही. दर मार्चला इमारतीतली मराठी कुटुंबं कढया, स्वेटर मागे टाकून परत जात, आणि एप्रिलला नवी येऊन तेच विकत घेत. कसला मूर्खपणा! वृंदानं जिन्याखाली निळं पिंप ठेवलं. वर लिहिलं, 'ताबोर'.

पाच वर्षं सुरळीत गेली. मग कुणा शहाण्यानं जाता जाता त्यात गादी कोंबली. मोठा कचरा टाकायचा तर आधी फोन करून तारीख घ्यायची, स्टिकर चिकटवायचं. तेवढं कोण करतो? रहिवासी मंडळाची सूचना लागली: शनिवारी दहाला बैठक, पिंप हटवायचं. विमान साडेअकराला.

"तू जा गं," नवरा शशांक म्हणाला. "पिंप काय, दुसरं मिळेल."

"ताबोर सहाशे वर्षं थांबलंय, आणखी थांबेल. पिंप सोमवारी जाईल!"

बैठकीत तिनं मोडक्या जपानीत थेट चौदाशे वीस सालापासून सुरुवात केली. अध्यक्ष मोरीसाननी डोळे मिटले. मग तिनं कागद काढला. तोबान, म्हणजे पाळ्या! कुठल्या रविवारी कुठलं घर पिंप तपासणार, त्याचा वर्षभराचा तक्ता, पहिलं नाव स्वतःचं. मोरीसान खडबडून जागे. तक्ता हातोहात फिरला.

"वादळात झाकण कोण लावणार?"

"मी!"

"आणि आत नक्की काय टाकायचं?"

वृंदानं बॅगेतली पळी काढली, सगळ्यांना घेऊन जिन्याखाली गेली. "असं. धुतलेलं, कोरडं, चालणारं." पळी आत गेली.

"मलाही एक रविवार द्या," दुसऱ्या मजल्यावरच्या जपानी आजीबाई म्हणाल्या.

वृंदा दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली. "ताई, राहिलं! पिंप राहिलं!"

"विमान?"

"गेलं."

"बावळट! मोरीनं सही केली ना पण? कागदावर?"

"केली!"

"मग ठीक. पळी जपून ठेव, पुढच्या वर्षी ने."

पळी! वृंदा तश्शी खाली पळाली. पिंपापाशी कालच तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेली तन्वी उभी, हातात पळी.

"काकू, मी घेऊ? आमटीला काहीच नाहीये हो घरात."

वृंदानं पुढं केलेला हात मागे घेतला. "घे."

अजून वृंदाची पिंप तपासायची पाळी आली की ताई विचारतात, "पळी पोचली का गं?"

"तिसऱ्या मजल्यापर्यंत."