आधी परत वाचून दाखवा

काचेपलीकडे यांत्रिक हात रुळावरून सरकत आला, त्यानं खणातली टेप अलगद उचलून वाचन-लेखनाच्या ड्राइव्हमध्ये सरकवली आणि तो थांबला. आमच्या मेनफ्रेमला, म्हणजे कार्यालयाच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाला, ही नवी टेप लायब्ररी जोडायचं काम माझ्याकडे होतं. एकाच मेनफ्रेमच्या पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे स्वतंत्र संगणकांसारखे आभासी संगणक, चालतात, आणि प्रत्येकाला या टेपच्या साठ्याची वेगळी ओळख करून द्यावी लागते. ती दिली. मग त्यातल्या एका मशीनवरून जुन्या डिस्कवरच्या निवृत्तांच्या सेवानोंदी टेपवर उतरवल्या.

साहेब आत आले. "मॅडम, लिहून झालं ना? मग जुन्या डिस्क पुसा. न्यायला माणसं निघालीत."

"पुसणार नाही. आधी दुसऱ्या मशीनवरून वाचून बघते. ज्यानं लिहिलं त्याला वाचता येतंच."

"स्वतःच्या हातावरही विश्वास नाही तुमचा?"

"हातावर आहे, साहेब. टेपवर अजून नाही."

ठेवणं सोपं असतं. घरोघरी माळ्यावर कितीतरी वस्तू 'नीट ठेवलेल्या' असतात आणि हव्या तेव्हा एकही सापडत नाही. मागितल्यावर जे मिळत नाही, ते आपण ठेवलेलं नसतं, नुसतं नजरेआड केलेलं असतं. उद्या पेन्शनसाठी खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला "नोंद होती हो" असं मी सांगणार नाही.

माणसं आली. साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी पाहुण्यांसाठी चहा मागवला आणि खुर्ची ओढून डिस्कच्या कपाटाला पाठ लावून बसले.

"वाचून होईपर्यंत," मी म्हटलं, "हे कपाट इथून हलणार नाही. आणि मीही."