सोसायटीची नोटीस

आमच्या मोशीतल्या सोसायटीत सगळ्यात चांगलं अक्षर माझं. लातूरकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी छड्या मारून वळवलेलं. चाकणला पहिल्या शिफ्टला निघताना मी गेटजवळच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचो. पाणी येणार नाही, गणपतीची आरती किती वाजता, सगळं माझ्याच हातचं.

एका रविवारी चेअरमन आणि सेक्रेटरी घरी आले. "भाऊ, एक नोटीस लिहून द्या. जरा जपून लिहायचीय," चेअरमन म्हणाले. यापुढं मुसलमान भाडेकरू ठेवायचे नाहीत, असं मीटिंगमध्ये ठरलं होतं.

मी मुसलमान, तोही भाडेकरू. दोघांनाही हे पक्कं माहीत होतं. ईदला शीरखुर्म्याचा डबा दोघांच्याही घरी जायचा.

"तुमच्याबद्दल नाही हो! तुम्ही आपलेच. हे बाहेरून येतात ना, त्यांच्यासाठी." चेअरमन जळगावचे, सेक्रेटरी बीडचा. मूळचा मोशीचा म्हणाल तर फक्त दूधवाला.

मला संताप आला होता. पण नाही म्हटलं, तर 'आपले'मधून नाव कटायचं, ही भीती संतापाहून मोठी निघाली. त्यात त्यांनी खरडून आणलेला मजकूर इतका गचाळ, की माझे हात शिवशिवले. 'मुसलमान' नको, 'विशिष्ट समाज' लिहू, हे मीच सुचवलं. शेवटी 'कोणताही अपवाद केला जाणार नाही' हेही माझंच. त्याशिवाय नोटिशीला वजन येत नाही. दोघं खूश होऊन, चहा पिऊन गेले. बायकोनं त्या दोघांचे कप विसळले, माझा तसाच ठेवला.

पुढं अकरा महिन्यांचा करार संपला. घरमालक वाढवायला तयार होता, सोसायटी नव्हती. चेअरमनच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "भाऊ, माझा इलाज नाही. अपवाद नाही, असं तुम्हीच लिहिलंय राव!"

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. मग बायकोला गाडीवर मागं बसवून घर शोधायला निघालो. निघोजेत नाव सांगितलं की खोली आत्ताच गेलेली असायची. कुरुळीच्या एका नव्या सोसायटीच्या गेटवर चकचकीत छापील बोर्ड दिसला. शब्द न् शब्द माझा. कुणीतरी फोटो पुढं पाठवला असणार.

बायको गाडीवरून उतरली. तिनं बोर्ड अथपासून इतिपर्यंत शांतपणे वाचला.

"अच्छा लिखे जी तुम," ती म्हणाली. "अपने वास्ते थोडी जगा तो छोड़ना था."