दोन पोशा नागू

चौक गावात, जुन्या हायवेवर, पंक्चरवाल्याच्या शेजारी दहा बाय दहाचा गाळा आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. तिथल्या खुर्चीवर बसते ती हर्षला ठोंबरे. भिवपुरीकडच्या भातशेतीवाल्या घरची, बारावी कॉमर्स. प्रोग्रामिंग ती कुठल्या कॉलेजात शिकली नाही. गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली. मी स्वतः दहावी नापास, कायदा वाचून वाचून शिकलेली. सर्टिफिकेट विचारणाऱ्यांचा मला राग येतो. आमच्या आदिवासी संघटनेचं वनहक्क दाव्यांचं रजिस्टर कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं, तेव्हा एका शहाण्याने विचारलं, "तिला जमेल का?" मी म्हटलं, "तुला जमणार नाही, एवढं नक्की."

तिने जँगो नावाच्या सॉफ्टवेअरच्या तयार चौकटीवर साइट उभी केली. घरी सांगितलं तर तिच्या वडलांना, चांगोशेठना, वाटलं की पोरीने आपल्याच नावाने काहीतरी काढलंय.

"बाबा, जँगो!"

"आसंल. पन लिवताना चुकलीस गं."

साइट वर्षभर नीट चालली. मग एका गुरुवारी ठाकुरवाडीच्या वरच्या पाड्यातला पोशा नागू दरवडा गाळ्यात आला. सोमवारी तालुक्याच्या कचेरीत दाव्यांची सुनावणी होती. आमच्या यादीत ज्याचा प्लॉट, त्याचीच मोजणी होणार होती. यादी भिंतीला लावलेली. पोशाने कुणाकडून तरी वाचून घेतली आणि माझ्याकडे वळला.

"बाय, नाव माजं हाय. पन जमीन माजी नाय. ओढ्यापलीकडची पट्टी चुलतभावाची. त्याचंबी नाव पोशा नागूच. माजी आंब्याखालची कुठं गेली?"

माझं डोकं फिरलं. "हर्षला! सोमवारी सुनावणी आहे आणि माणसाची जमीन गायब? काय केलंस काय?"

तिने कपाटातून पाड्याचे कागदी फॉर्म काढले आणि मोजले. सत्तेचाळीस. कॉम्प्युटरवर सेहेचाळीस. दोन्ही पोशांचे फॉर्म कागदावर होते.

"एरर आलाच नाय कदी, ताई," ती म्हणाली. "त्याचंच भ्या वाटतंय. मशीन बोंबललं आसतं तर बरं झालं आसतं."

तिने दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. नाव तेच, बापाचं नाव तेच. जन्मतारीखही तीच. एक जानेवारी एकोणीसशे पासष्ट.

"तुमी दोघं एकाच दिवशी जन्मलात, काका?"

पोशा हसला. "आमच्या पाड्यात शाळंत गेलेलं समदे एक जूनचे, न गेलेलं समदे एक जानेवारीचे. मास्तरला तारीख नाय सांगितली की त्यो शाळा उघडायची लिवायचा. आधार कार्डाच्या शिबिरात त्या पोऱ्यानं दात बघून साल घातलं आन् जानेवारी त्याच्या मशीननं घातली."

"आणि नावं?" मी विचारलं.

"आमचे बापबी चुलतभाऊच, दोघंबी नागू. आजा एक, नातू सतरा. आज्याचं नाव कुनाला द्यायचं नाय म्हनायचं?"

हर्षलाने साइटचा कोड उघडला आणि बोट ठेवलं. नाव आणि जन्मतारीख जुळली तर तो तोच माणूस. नवी नोंद करू नको, जुनीवरच लिही. दुसरा पोशा आला आणि पहिल्यावर बसला. त्या ओळीकडे बघताना मला आठवलं. गेल्या साली एका बाईचं नाव दोनदा आलं म्हणून मीच हिला याच गाळ्यात, गिऱ्हाइकांसमोर, झापलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने हा नियम घातला होता. तिने तो विषय काढला नाही.  मी चहा सांगितला.

उपाय तिने सरळ काढला. माणूस तारखेने ओळखायचा नाही, फॉर्मवर छापलेल्या दावा क्रमांकाने ओळखायचा. तारखेचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. शेजारी नवा रकाना: 'लोक काय सांगतात'. आधी सगळ्या माहितीची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, मग बदल चालवला. मशीन अडलं. जुन्या तीनशे बारा नोंदींना दावा क्रमांकच नव्हता. ते विचारू लागलं, सगळ्यांना तात्पुरता एकच आकडा देऊ का?

मी म्हटलं, "दे ना! सोमवार आलाय."

"नाय देनार." पहिल्यांदाच ती मला असं म्हणाली. "एक जानेवारी अशीच घातली ना कुनीतरी? तारीख माहीत नाय तर घाला कायतरी."

मी फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढला. मला गप्प बसवणं सोपं नाही, चौकच्या पंक्चरवाल्यालाही विचारा. तिने तो रकाना आधी मोकळा ठेवला. शुक्रवार आणि शनिवार मी कागदावरून क्रमांक वाचत गेले, ती टाइप करत गेली. तीनशे बारा. मग आंब्याखालची नोंद नव्याने घातली, दोन्ही पोशांना विचारून त्यांचा नवा रकाना भरला, तीनशे तेरा झाले, आणि तेव्हाच तिने नियम लावला की एक क्रमांक पुन्हा येणार नाही.

सोमवारी कचेरीत ती पहिल्यांदाच आली. मागच्या बाकावर, पिशवी मांडीवर धरून. कारकून यादी वाचत होता. ठाकुरवाडीवर थांबला.

"हे नाव दोनदा आलंय. डबल एन्ट्री." एक नाव खोडायला त्याने पेनाचं टोपण काढलं.

मी उठणार, तोवर मागून आवाज आला.

"डबल नाय, साहेब. दोघं हायत. काका, उठा. दोघंबी."

दोघे पोशा उठले. एक उंच, एक बुटका.

"मग ओळखायचं कसं?" कारकून वैतागला.

"क्रमांक बघा ना. आन् पुढचा रकाना वाचा."

त्याने वाचलं. "धरणाचं काम चालू होतं तेव्हा जन्म. जमीन आंब्याखाली." खाली: "भावापेक्षा दोन पावसाळे मोठा. जमीन ओढ्यापलीकडे." त्याने दोघांकडे पाहिलं, मग टोपण पुन्हा लावलं.

"लहान कोण?"

"मी," उंच पोशा म्हणाला. "आंब्याखालचा."

"मोजणी दोन्हीची," कारकून म्हणाला, आणि पुढचं नाव घेतलं.