सुट्ट्या पैशांचे वैरी

खिशात एकही नोट न ठेवता अख्खा डहाणू तालुका पालथा घालणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे उभी हयात घालवून निवृत्त झालेले हे आमचे शेजारी. "मास्तर, लोकांच्या गाड्या सुटल्या, लोक भांडले, रडले, आणि मी आपला एकच वाक्य बोलत राहिलो, सुट्टे द्या!" असं ते मला सांगतात. त्याचं प्रायश्चित्त म्हणून की काय, निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाकीट कपाटात टाकलं आणि मोबाइल गळ्यात अडकवला. तेव्हापासून आरतीचं ताट पुढे आलं तरी ते भक्तिभावाने विचारतात, "पैसे भरायचा कोड कुठाय?" आशागडच्या एका लग्नात त्यांनी आहेर फोनवरून पाठवला आणि नवरीच्या बापाला ऐन विधीत फोन उघडायला लावला. "आला का?" "आला, आला!" तेव्हा कुठे ते पंगतीला बसले. त्यांच्या नेहमीच्या न्हाव्याकडे कोड नव्हता. यांना तो न्हावी सोडवेना आणि रोखही देववेना, म्हणून त्याने कोड घेईपर्यंत दोन महिने ते ऋषीमुनींसारखे दिसत होते. तलासरीला चहा प्यायचा तर आधी रेंज शोधत फोन उंच धरून उभे राहायचे. पैसे पोचल्याशिवाय घोट घ्यायचे नाहीत. चहाचं सरबत झालेलं चालायचं.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती गंजाडच्या बाजारात. तिथे कैनाडची जानकीबाई वांगी आणि मिरच्या घेऊन बसते. ती म्हणाली, "साहेब, पैसे त्या कोडाच्या कागदाला दिले, तर माझ्या हातात काय?" झालं! शेजाऱ्यांनी तिच्यासाठी बँकेत खेटे घातले, स्वतःचा जुना फोन तिला दिला, कोडाचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून तिच्या टोपलीला बांधला. पंधरा दिवस सगळं झकास चाललं. मग मोटरसायकलवरून दोघे आले, पैसे पोचल्याची फोनवरची हिरवी खूण तिच्यापुढे नाचवली आणि सगळी वांगी घेऊन गेले. खात्यात काहीच आलं नाही. जानकीबाईने पुठ्ठा सोडून त्यांच्या हातात दिला. "तुमचा कागद तुमच्यापाशीच ठेवा, साहेब. माझा दिवस गेला."

त्या रात्री ते जेवले नाहीत, असं वहिनी सांगत होत्या. पुढचे तीन बाजार हा माणूस सकाळपासून तिच्या शेजारी गोणपाटावर बसून राहिला. ऊन लागलं, वांगी निवडता येऊ लागली, गुजराती गिऱ्हाइकांशी गुजरातीत घासाघीसही जमली. तिसऱ्या बाजारी ते दोघे पुन्हा उगवले. हिरवी खूण पुढे येताच शेजाऱ्यांनी चष्मा नाकावर ओढला, खालची तारीख वाचली आणि खिडकीमागच्या जुन्या आवाजात गरजले, "ही मागल्या महिन्याची आहे! या गाडीला चालणार नाही!" सगळा बाजार गोळा झाला. दोघांनी दोन्ही वेळचे पैसे जागेवर भरले आणि मोटरसायकल सुरू होईना तशी ढकलत नेली. जानकीबाईने स्वतःच पुठ्ठा मागून घेतला. पुढे शेजाऱ्यांनी तिला पैसे आले की बोलणारा डबा आणून दिला. तो हिंदी बोलतो म्हणून बँकेत भांडून त्याला मराठीही शिकवली.

मागच्या बाजाराला मीही त्यांच्यासोबत गेलो होतो. त्यांनी अर्धा किलो वांगी घेतली, पैसे पाठवले आणि पिशवी पुढे केली. जानकीबाईने वांग्यांवर हात ठेवला आणि कान डब्याकडे लावला. रेंज कमी होती. आमचे शेजारी इतर चार गिऱ्हाइकांसारखे रिकामी पिशवी धरून उभे राहिले. डबा बोलला, तेव्हा ती हसली आणि वांग्यांवर मूठभर मिरच्या घालून पिशवी भरली.

"बघितलंत मास्तर? माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवला नाही. पक्की तयार झाली बाई!" एसटीत ते भेटेल त्याला हे अभिमानाने सांगत होते. घराजवळ उतरल्यावर मात्र त्यांची चाल मंदावली. फाटक उघडता उघडता म्हणाले, "आता बाजाराला जायचं तसं काही कारण उरलं नाही, नाही का?"

मला वांगी मुळीच आवडत नाहीत. तरी मी म्हटलं, "असं कसं? आमची वांगी कोण आणणार?"